कवटीची साक्ष

चैत्र-वैशाखात वैनगंगेचे पाणी ओसरते आणि भंडारा जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांना वाळूची विस्तीर्ण मैदाने लाभतात. त्या वाळूत कधी शिंपले सापडतात, कधी पुरात वाहून आलेले लाकूड, तर कधी उन्हाने पांढरे पडलेले एखाद्या जनावराचे हाड. असे हाड मिळाले की मुलांमध्ये वाद सुरू होतो. कोणी ते घोड्याचे म्हणतो, कोणी बैलाचे. अशा वेळी एखादा वृद्ध शेतकरी ती फुटकी कवटी हाती घेतो, जबडा उलटा करून पाहतो आणि क्षणभरही न अडखळता सांगतो, "पोरांनो, हा घोडा नव्हे, बैल. वरच्या जबड्यात पुढच्या दातांना जागाच नाही."

त्याचे म्हणणे अगदी खरे असते. गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्या ठिकाणी एक कठीण गादी असते. खालच्या दातांनी तिच्यावर गवत दाबून धरायचे आणि मानेच्या हिसक्याने ते तोडायचे, अशी या जनावरांची रीत आहे. घोड्याला मात्र वर आणि खाली, दोन्हीकडे पुढचे दात असतात. शेतकऱ्याने हे कोणत्याही ग्रंथात वाचलेले नसते. बाजारात बैल घेताना त्याने शेकडो जबडे उघडून पाहिलेले असतात. हा दोन दाती, तो चार दाती, तो सहा दाती, असे म्हणत तो जनावराचे वय ठरवीत आलेला असतो. पुष्कळ सबंध कवट्या पाहिल्यामुळेच त्याला अर्धी कवटी ओळखता येते.

परंतु एखाद्या वेळी अशी कवटी सापडली की तिचा धनी आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेच जिवंत नाही, तर ती कशी ओळखावी? ज्याला कोणत्याही मनुष्याने कधी पाहिले नाही, ज्याला कोणत्याच भाषेत नाव नाही, अशा प्राण्याची ओळख दगड झालेल्या एका तुकड्यावरून पटविता येते काय? शास्त्रज्ञ म्हणतात, येते; मात्र तो तुकडा जेवढे सांगेल तेवढेच ऐकावयाची तयारी हवी.

प्रथम कवटी काय सांगू शकते ते पाहू. प्राण्याचे शरीर हे एखाद्या रहाटासारखे असते. रहाटाचा एक भाग दुसऱ्याशी जुळणारा असावा लागतो. तसेच प्राण्याचे दात, जबडा, मान आणि पाय हे त्याच्या राहणीशी आणि एकमेकांशी जुळणारे असतात. कोकाच्या किंवा नागझिऱ्याच्या रानातील वाघ मांस खातो. म्हणून त्याचे सुळे लांब असतात आणि दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. जबडा मिटविणारे बळकट स्नायू ज्या ठिकाणी चिकटतात त्या ठिकाणी, म्हणजे कवटीच्या माथ्यावर, हाडाचा उंच कणा उभा राहतो. याच्या उलट, हरणाच्या दाढा रुंद आणि खरबरीत असतात, कारण त्यांना पाला दळावयाचा असतो. वाघाचे डोळे समोर असतात, कारण त्याला झडपेचे अंतर अचूक मोजावयाचे असते. हरणाचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, कारण त्याला चोहोंकडून येणाऱ्या संकटावर नजर ठेवावयाची असते. बेडूक आणि मगर यांचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूस असतात. त्यामुळे सारे अंग पाण्यात बुडवूनही त्यांना वरचे पाहता येते. कवटीला जी लहानमोठी छिद्रे असतात, त्यांतून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. छिद्र मोठे असेल तर त्यातून जाणारा तंतूही मोठा, आणि तो ज्या अवयवाकडे जातो तो अवयवही बहुधा बलवान, असे अनुमान करता येते. मांस कुजून नाहीसे होते, कातडे नाहीसे होते. पण त्यांच्या खुणा हाडांवर राहतात.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांमध्ये फ्रान्सचा जॉर्ज क्यूव्हिए याचे नाव अग्रगण्य आहे. दक्षिण अमेरिकेत ब्वेनोस आयरेसजवळील लुहान नदीच्या काठी १७८७ साली एका प्रचंड प्राण्याची हाडे सापडली. ती स्पेनची राजधानी माद्रिद येथे नेण्यात आली आणि तेथे त्यांचा सांगाडा उभा करण्यात आला. सांगाडा हत्तीएवढा होता. परंतु तो हत्तीचा नव्हता, गेंड्याचाही नव्हता. क्यूव्हिए त्या वेळी पॅरिसमध्ये होता. त्याने तो सांगाडा पाहिला नाही. त्याच्या हाती केवळ त्याची चित्रे आली. त्या चित्रांवरून १७९६ मध्ये, वयाची तिशीही गाठण्यापूर्वी, त्याने जे सांगितले ते ऐकून लोक चकित झाले. हा विशाल प्राणी स्लॉथचा नातलग आहे, असे त्याचे म्हणणे होते.

स्लॉथ हा दक्षिण व मध्य अमेरिकेच्या अरण्यांत राहणारा, कुत्र्याहूनही लहान आणि अत्यंत मंद प्राणी आहे. तो झाडाच्या फांदीला उलटा लटकून पाने खात असतो. कोठे हा फांदीवरचा लहानसा जीव आणि कोठे तो हत्तीएवढा देह! पण क्यूव्हिएने आकाराकडे पाहिले नाही. त्याने रचनेकडे पाहिले. दोघांच्याही जबड्यात पुढचे दात नव्हते. केवळ दाढा होत्या. दोघांच्याही गालाच्या हाडापासून एक हाडाची पट्टी खाली उतरलेली होती, आणि अशी पट्टी इतर प्राण्यांत क्वचितच दिसते. या प्राण्याला त्याने मेगाथेरियम, म्हणजे महापशू, असे नाव दिले. झाडावर न चढता जमिनीवर वावरणाऱ्या अशा अनेक जातींचे स्लॉथ एके काळी अमेरिका खंडात राहत होते आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून ते सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले, हे पुढे स्पष्ट झाले. आता त्यांना भूचर स्लॉथ म्हणतात.

माद्रिदचा सांगाडा बराचसा पूर्ण होता. पण भूमीच्या पोटातून असे पूर्ण सांगाडे क्वचितच मिळतात. विशेषतः कवटीची हाडे पातळ व नाजूक असतात. ती मानेपासून सहज सुटतात, नदीच्या प्रवाहात आपटतात आणि फुटतात. त्यामुळे अभ्यासकाच्या हाती बहुधा तुकडेच येतात.

असे तुकडे गोळा करणाऱ्यांपैकी एक तरुण पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. 'बीगल' नावाच्या जहाजावरून तो जगप्रवासाला निघाला होता. १८३२ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पुंता आल्ता येथे त्याला प्राचीन हाडांचा मोठा साठा सापडला. तो ती हाडे जहाजावर आणू लागला, तेव्हा त्याच्या सोबत्यांना तो निव्वळ कचरा वाटला आणि त्यांना हसू आले. पुढच्या वर्षी उरुग्वे देशात फिरत असता एका शेतघरी 'राक्षसाची हाडे' असल्याचे त्याच्या कानी आले. तो घोड्यावरून तेथे गेला आणि टॉक्सोडॉन नावाच्या लुप्त प्राण्याची कवटी त्याने अठरा पेन्सना विकत घेतली. ही कवटी ओढ्याकाठी सापडली तेव्हा अगदी अभंग होती. परंतु तेथील मुलांनी दगड मारून तिचे काही दात पाडले आणि मग नेमबाजीच्या खेळासाठी ती निशाण म्हणून उभी केली! सुदैवाने तेथून सुमारे १८० मैल दूर, दुसऱ्या एका नदीच्या काठी, डार्विनला त्याच जातीच्या प्राण्याचा एक सुटा दात मिळाला. तो त्या कवटीच्या एका रिकाम्या खळीत नेमका बसला. हे मोठेच नशीब म्हणावयाचे. प्रत्येक फुटलेल्या कवटीला असे नशीब लाभत नाही.

त्याच उरुग्वे देशातून डार्विनने आणखी एक तुकडा आणला होता. ती एका कवटीची केवळ मागची बाजू होती. तोंड नाही, जबडा नाही, एकही दात नाही. लंडनमधील शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाच्या संग्रहालयात तो तुकडा रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाच्या हाती पडला. त्या संग्रहालयात नाना प्राण्यांची हजारो हाडे मांडून ठेवलेली होती. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला जसा बैलबाजार, तसे ओवेनला ते संग्रहालय. त्याने तो तुकडा एकामागून एक कवट्यांशी ताडून पाहिला. तेव्हा त्याचे लक्ष एका छिद्राकडे गेले. जिभेला हालविणारा मज्जातंतू ज्या छिद्रातून जातो, ते छिद्र या कवटीत विलक्षण मोठे होते. त्यावरून ओवेनने अनुमान केले की या प्राण्याची जीभ मोठी आणि बलवान असली पाहिजे. त्याने त्याला ग्लॉसोथेरियम, म्हणजे जिभेचा पशू, असे नाव दिले. जो प्राणी कोणी पाहिला नाही, त्याच्या न उरलेल्या जिभेविषयी एका छिद्राने साक्ष दिली.

मात्र ही साक्ष अपुरी होती, हेही सांगितले पाहिजे. आरंभी ओवेनला हा प्राणी दक्षिण अमेरिकेतील मुंगीखाऊच्या जवळचा वाटला. पुढे भूचर स्लॉथांचे अधिक अवशेष मिळाले, तेव्हा ती कवटी स्लॉथाचीच आहे हे त्याच्या ध्यानी आले. मग त्याने तिचा समावेश मायलोडॉन नावाच्या दुसऱ्या भूचर स्लॉथामध्ये करून टाकला. त्यानंतरच्या अभ्यासकांनी दोघांचे अवशेष पुन्हा ताडून पाहिले आणि ते दोन निराळे प्राणी आहेत असे ठरविले. ग्लॉसोथेरियम हे नाव पुन्हा रूढ झाले. ओवेनसारखा निष्णात मनुष्यही तुकड्याकडून त्याच्या शक्तीबाहेरची साक्ष घेऊ गेला तेव्हा चुकला; परंतु नवा पुरावा पुढे येताच त्याने मत बदलले. शास्त्रात चूक होणे हा कमीपणा नव्हे. चूक दिसूनही ती न सोडणे हा कमीपणा होय.

भूचर स्लॉथ भारतात कधीच नव्हते. पण ज्या शास्त्रज्ञाने त्यांच्या एका कवटीचा उलगडा केला, त्याच्याच हाती काही वर्षांनी विदर्भाच्या मातीतील एक कवटी आली. तिची कथा आपल्या अधिक जवळची आहे.

भंडारा जिल्ह्यातील बरेचसे खडक अतिप्राचीन आहेत. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे ज्या खडकांतून मँगनीज काढतात, ते खडक पृथ्वीवर हाडे असलेले प्राणी निर्माण होण्यापूर्वीचे आहेत. शिवाय भूमीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने त्यांचे मूळ रूप पालटलेले आहे. त्यांच्यात कवटी शोधणे व्यर्थ होय. पण वैनगंगा दक्षिणेकडे वाहत जाऊन वर्धेला मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. या वर्धा-प्राणहितेच्या खोऱ्यांत निराळ्या प्रकारचे खडक आढळतात. ते प्राचीन नद्यांनी व सरोवरांनी आणून टाकलेल्या वाळूचे आणि चिखलाचे बनलेले आहेत. मेलेला प्राणी अशा गाळात लवकर झाकला गेला की त्याची हाडे वाचतात. कालांतराने पाण्यातील खनिजे त्यांत शिरतात आणि हाडाचा दगड होतो. यालाच जीवाश्म म्हणतात.

१८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश धर्मोपदेशक नागपुरास आले. पुढे रॉबर्ट हंटर हे त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही खडकांच्या निरीक्षणाची आवड होती. गावोगाव फिरताना ते वाटेवरचे दगड उचलून पाहत. १८५१ मध्ये नागपूरजवळील टाकळी येथे त्यांना जीवाश्म मिळाले आणि त्यांचा शोध अधिकच उत्साहाने सुरू झाला. नागपूरच्या दक्षिणेस पन्नास-साठ मैलांवर मांगली नावाचे गाव आहे. तेथील तांबूस वालुकाश्मात एका प्राण्याची कवटी मिळाली. त्या काळी नागपुरास आगगाडी नव्हती. ती १८६७ मध्ये आली. तरीही ती कवटी जपून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणि तेथून जहाजाने लंडनला पोहोचविण्यात आली. तिचे परीक्षण ओवेन यांनीच केले आणि १८५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

कवटी रुंद, चपटी आणि आखूड होती. डोळ्यांच्या खोबण्या मागे नसून पुढे, तोंडाच्या टोकाकडे होत्या. अशा कवट्या युरोपातही मिळाल्या होत्या आणि त्या प्राण्यांचा अभ्यास ओवेन यांनी पूर्वी केला होता. त्यांचा दात आडवा कापून पाहिला असता आत नागमोडी घड्यांची अशी काही गुंतागुंत दिसते की चक्रव्यूहाचीच आठवण व्हावी. म्हणून त्या समूहाला लॅबिरिंथोडॉन्ट, म्हणजे चक्रव्यूहासारखे दात असलेले, असे नाव पडले होते. मांगलीचा प्राणी याच समूहातला, परंतु त्यातही निराळा, असे ओवेन यांनी ठरविले. त्याचे नाव त्यांनी ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे ठेवले. पहिल्या शब्दाचा अर्थ आखूड तोंडाचा आणि दुसऱ्याचा अर्थ रुंद डोक्याचा. म्हणजे ते नाव हे त्या कवटीचे वर्णनच होय; जे दिसले त्यापलीकडे त्यात काही नाही.

ओवेन यांनी त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांत गणले होते, कारण त्या काळी बेडकासारखे प्राणीही त्याच वर्गात घालण्याची प्रथा होती. आज त्याला उभयचर मानतात. तो सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यात राहत होता. त्या वेळी पृथ्वीवर डायनासोरही अवतरले नव्हते. त्याचे दात मासे व लहान जलचर पकडण्याजोगे असावेत आणि वरून येणाऱ्या भक्ष्यावर त्याचे डोळे खिळलेले असावेत, असे त्याच्या नातलगांवरून अनुमान करता येते.

या नातलगांनी आणखी एक मोठी गोष्ट उघड केली. मांगलीच्या प्राण्यावरून एका संपूर्ण कुलाला नाव मिळाले. आणि त्या कुलातील प्राण्यांच्या कवट्या दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडल्या. गोड्या पाण्यातल्या या जीवांनी महासागर कसे ओलांडले असतील? त्यांनी ते ओलांडलेच नाहीत. त्या काळी ही सारी भूमी एकसंध होती. वनस्पतींचे, खडकांचे आणि प्राण्यांचे असे अनेक पुरावे एकत्र आले, तेव्हा शास्त्रज्ञांना त्या प्राचीन महाखंडाचे चित्र दिसू लागले. त्या महाखंडाला गोंडवन असे म्हणतात. हे नाव परक्या देशातून आलेले नाही. १८७२ मध्ये भूशास्त्रज्ञ हेन्री मेडलिकॉट यांनी मध्य भारतातील खडकांना गोंडांच्या प्रदेशावरून हे नाव दिले, आणि पुढे तेच सबंध महाखंडाला मिळाले. भंडाऱ्याच्या रानांत ज्यांची वस्ती आहे, त्या गोंड लोकांचे नाव आज जगातील प्रत्येक भूगोलाच्या ग्रंथात आहे.

हिस्लॉप यांचा अंत मात्र दुःखद झाला. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये, नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाटजवळील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराने फुगलेला एक ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांनी जतन केलेली मांगलीची कवटी लंडनच्या संग्रहालयात आजही आहे. तिच्या धन्याचे धड मिळालेले नाही. त्याची लांबी किती होती, पाय कसे होते, रंग कोणता होता, हे ती कवटी सांगत नाही आणि शास्त्रज्ञही ते ठामपणे सांगत नाहीत. परंतु ती एक कवटी जर कोणी दगड म्हणून भिंतीत बसविली असती, अथवा उरुग्वेतील मुलांप्रमाणे निशाण म्हणून उभी केली असती, तर असा प्राणी कधी काळी होऊन गेला, एवढेही जगाला कळले नसते.

म्हणून नदीच्या दरडीत, विहीर खोदताना निघालेल्या मातीत किंवा खाणीच्या तोंडाशी एखादे दगडासारखे जड आणि अपरिचित हाड दिसले, तर ते फोडू नये. ओढून काढण्याची घाईही करू नये. कारण ते कोणत्या थरात आणि किती खोलीवर होते, हीदेखील साक्षच असते. जागा नीट लक्षात ठेवावी, ती लिहून काढावी आणि शाळेतील गुरुजींना दाखवावी. नागपूर येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे कार्यालय आहे. तेथील जाणकारांपर्यंत ती वार्ता पोहोचू शकते.

साक्षीदार म्हातारा असतो, त्याचे दात पडलेले असतात, त्याला पुष्कळशा गोष्टी आठवत नाहीत. तरी त्याने पाहिलेले दुसऱ्या कोणी पाहिलेले नसते. त्याला दटावून त्याच्या तोंडून हवे ते वदवून घेऊ नये, आणि त्याला हाकलूनही देऊ नये. शांतपणे जवळ बसावे आणि तो सांगतो तेवढे नीट ऐकून घ्यावे. कोट्यवधी वर्षे मातीत पडून राहिलेली कवटी ही अशीच साक्षीदार आहे.